तबीथाच्या नववीची यादी

मे महिना. मेकोसाबागेत दुपारी तीनला
कुत्री नळाखालच्या ओलीतून हलत नाहीत.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतून मी टेबलाशी बसते.
समोर तीन कोर्स, एक पेन्सिल
आणि माझी एकुलती एक विद्यार्थिनी,
जी मला आई म्हणते आणि गृहपाठ वेळेवर देत नाही.

पहिला कोर्स परदेशातला, पाळकसाहेबांनी सुचवलेला.
प्रत्येक पुस्तकापुढे चौकटी :
शिव्या नाहीत, भुतं नाहीत,
चुंबन एक, तेही लग्नानंतर.
सुधाकर अजनीहून नाइट करून येतो,
डॉलरचे रुपये करतो,
म्हणतो, एवढ्यात नवा कूलर येते.
आणि पानोपानी बर्फ.
मुलं बर्फात घसरतात, बर्फात गुडघे टेकतात.
पंचेचाळीस अंशांत मी तिला स्लेज समजावते :
बंडी समज, चाकं नसलेली.
"मग चालते काहून?"
विश्वासावर, म्हणते मी, आणि दोघी हसत सुटतो.

दुसरा मुक्त शाळेचा. सगळे उतारे.
नदी पुलाखाली शिरते
आणि पलीकडे निघायच्या आत खाली चार प्रश्न.

तिसरा मी स्वतः मांडलेला, किराण्याच्या वहीत, मागच्या बाजूने,
बर्डीच्या फुटपाथवर उकिडवं बसून निवडलेला.
त्यात कोळशाच्या खाणीतल्या बाया आहेत,
एक तापट पोस्टमन आहे,
आणि विहिरीपाशी तासन्‌तास ओंजळ धरून उभी एक पोरगी.
माझी पणजी अशीच उभी असायची, उमरेडकडे.
ज्या बाईला पाणी मिळालं नाही
तिने पुढे पाण्यातच नाव बदललं.
हे कुठल्या चौकटीत बसवू?

पपा मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायचे.
म्हणायचे, उलटं वाचता आलं पाहिजे बाई,
तरच सुलटं छापता येतं.
त्यांच्या बोटांचा काळेपणा
प्रभुभोजनाच्या भाकरीलाही लागायचा.
कुणी काही म्हणत नसे.

तबीथा एक कागद पुढे सरकवते.
"हे पण तपासून दे. नाव नाही सांगणार."
तिच्या तिरप्या अक्षरात :
भाऊ भावाला शेतात नेऊन मारतो.
मी पेन्सिल ओढते. हिंसा.
म्हातारा पिऊन तंबूत उघडा पडतो.
व्यसन. ओढते.
राजा गच्चीवरून दुसऱ्याची बायको न्हाताना बघतो,
मग तिच्या नवऱ्याला
लढाईत अगदी पुढे

पेन्सिल थांबते.
कूलरची मोटर तेवढी घरघरते.
फळीवर पपांचं जाडं पुस्तक, कडा लाल,
जे मी रोज पहाटे हिच्या उशाशी बसून वाचलंय,
ही तीन वर्षांची होती तेव्हापासून,
एकही ओळ न गाळता.

ती जिंकल्यासारखी हसली असती तर बरं झालं असतं.
नुसतंच विचारते,
"थांबून काहून राहिली?"

खोडरबर सापडत नाही.
ओढलेल्या रेघांवर मी पदराचं टोक घासते,
कागद करडा होतो, वाचता मात्र येतो.

पाच वाजता आम्ही वहीतलं पहिलं पुस्तक उघडतो.
चौथ्याच ओळीत पोस्टमन शिवी देतो.
मी वाचते. मोठ्याने. कानशिलं तापतात.
ती म्हणते, आई, तुला नीट देता नाही येत.

पाळकसाहेबांना रविवारी काय सांगायचं
ते अजून ठरलं नाही.

आणि एक पुस्तक मी कपाटावर ठेवलंय.
त्यातली मुलगी शेवटी तलावाकडे जाते.
मागच्या गल्लीतली नोएमी गेली त्याला
येत्या जूनमध्ये वर्ष होईल.
तबीथाची बाकावरची शेजारीण होती ती, चर्चमध्ये.
कपाटापर्यंत हात पोचतो तिचा,
माझ्यापेक्षा उंच झाली आहे.
रोज रात्री दिवा घालवायच्या आधी
मी वर बघून घेते,
पुस्तकावरची धूळ आहे का तशीच.